सातव्या दिवसाचे टाके

आमच्या घरमालकीण बाईंना सगळी गल्ली सिस्टर म्हणायची, म्हणून मीही सिस्टर म्हणायला लागलो. त्या मला 'वरचा' म्हणत. नाव त्यांना ठाऊक होतं, भाडेकरारावर तीनदा वाचून खात्री करून घेतली होती, पण हाक यायची ती "ओ वरचा, नळ चालू राह्यलाय!" अशीच. सावेडीतल्या त्या घराच्या वरच्या खोलीत मी दीड वर्ष काढलं. त्या दीड वर्षात माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं आधी कधी फिरलं नव्हतं आणि नंतरही नाही. नगर सोडून आता बरेच दिवस झाले, तरी कुणी दारावर टकटक केली की मी आधी शर्टाची बाही वर करतो.

कारण बीपी. सिस्टरांची सगळी नोकरी अकोले तालुक्याच्या डोंगरात, एका आरोग्य केंद्रात गेली. निवृत्त होऊन त्या नगरला मुलाने बांधलेल्या घरात राहायला आल्या आणि मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. आपण निवृत्त झालोय ही गोष्ट मात्र त्यांनी कधी मनावर घेतली नाही. दूधवाला असो, गॅसवाला असो, मतदार यादी घेऊन आलेले मास्तर असोत, दारात आलेल्या माणसाचं बीपी घेतल्याशिवाय त्या त्याला सोडत नसत. "मला काही त्रास नाही हो," असं कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं, "विचारलंय का तुला? हात दे." आणि चीड आणणारी गोष्ट ही की गॅसवाल्याचं बीपी खरंच भयंकर वाढलेलं निघालं. त्यानंतर तर त्यांना कुणी बोलायची सोयच राहिली नाही.

खालच्या हॉलमध्ये भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली एक पत्र्याची पेटी आणि पेटीत कात्र्या, चिमटे, पट्ट्या. ही हत्यारं दर रविवारी एका जुन्या कुकरमध्ये उकळली जायची. त्या कुकरात भात कधी शिजल्याचं मी पाहिलं नाही. एकदा माझा चमचा खाली राहिला, तर तोही उकळून, फडक्यात गुंडाळून परत आला.

आणखी एक. चूक झाली हे त्या कधीच मान्य करत नसत. माझा चहाचा कप त्यांच्या हातून फुटला तेव्हा म्हणाल्या, "जुना झाला हुता." माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर त्यांच्या हातून आयोडीन सांडलं, तेव्हा म्हणाल्या, "दोरीवर कशाला घातला?" मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करायचो. आमच्याकडे चूक झाली की कागदावर लिहून, सही करून द्यावी लागायची. त्यामुळे हा प्रकार मला फारच लागायचा. संध्याकाळी घरी येताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत यायचो आणि फाटक उघडल्यावर गपगुमान बाही वर करायचो.

खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, कुत्रं पाळायचं नाही. मी पाळलंही नव्हतं. आमच्या कारखान्याच्या गेटवर एक भुऱ्या रंगाची कुत्री होती. तिला पाच पिल्लं झाली. पिल्लं कामगारांनी हौसेने घरोघर नेली आणि ही नुसती हाडं होऊन गेटवर पडून राहिली. एक दिवस मी तिला गाडीवर पुढ्यात बसवून घरी आणलं आणि जिन्याखालच्या जागेत पोत्यावर ठेवलं. चार दिवस मी चोरासारखा पोळ्या घेऊन खाली जात होतो. पाचव्या दिवशी सिस्टर जिन्यापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"हिचं नाव काय?"

"भुरी," मी म्हणालो. आता सामान बांधायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"चार दिवस झाले मी हिला दूध घालतीय. तुझ्या कोरड्या पोळ्यांवर काय जगणार हाय ती? किती झाली हिला?"

"पाच."

"बास आता. ऑपरेशन करून घे. बरगड्या मोज तिच्या. अंगात काय राह्यलंय? अजून एकदा व्याली तर जगायची न्हाई."

मला समजावून सांगायची काही गरज नव्हती, मी दुसऱ्याच वाक्याला हो म्हणालो होतो. पण त्यांनी आयुष्यभर डोंगरातल्या घराघरांत जाऊन हेच भाषण केलेलं. ते अर्धवट सोडणं त्यांना जमलं नाही. ऑपरेशनने अशक्तपणा येत नाही, घरकाम करता येतं, सासूने नाही म्हटलं तर मला सांगायचं, इथपर्यंत सगळं मी जिन्यात उभा राहून ऐकून घेतलं. मग त्यांनी पेटीतून कुटुंब कल्याण शिबिराचा पिवळा पडलेला छापील फॉर्म काढला आणि भुरीचा केसपेपर तयार केला. पतीचे नाव: माहीत नाही. हयात अपत्ये: पाच. पेशंटची संमती या रकान्यात निळ्या शाईचा पंजा घेतला. पुढे दोन दिवस ते पंजे फरशीभर उमटत होते आणि ती फरशी मी पुसत होतो.

ऑपरेशन एका खासगी दवाखान्यात झालं. डॉक्टर तरुण मुलगी होती, स्वभावाने शांत. तिने कागदावर सगळं नीट लिहून दिलं. जिना चढू द्यायचा नाही. उडी मारू द्यायची नाही. जखम चाटू द्यायची नाही, म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू. गोळ्या दिल्यात तेवढ्याच, माणसांची गोळी चुकूनही नाही. टाके बारा दिवसांनी दवाखान्यात आणून काढायचे.

जिना बंद म्हणजे भुरी खालीच राहणार. मी दिवसभर कामावर. म्हणजे पुढचे बारा दिवस भुरी सिस्टरांच्या ताब्यात. गुंगीतली कुत्री मांडीवर घेऊन रिक्षातून येताना मला खरी काळजी ऑपरेशनची वाटत नव्हती, याचीच वाटत होती.

आणि झालंही तसंच. शंकू पहिल्याच संध्याकाळी गेला. "पेशंटच्या गळ्यात बादली अडकवतात का कुठं?" त्या म्हणाल्या आणि आपल्या जुन्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या साडीचं चार पाय बाहेर येतील असं नाडीचं झबलं त्यांनी रात्रीतून शिवलं. मी रागाने डॉक्टरांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, उलट चांगलं आहे, जखमेला तोंड लागत नाही ना, मग झालं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा रुबाब बघण्यासारखा होता.

मग डिंकाचे लाडू. "ती बाळंतीण नाहीये, सिस्टर," मी म्हणालो. "ऑपरेशनची तर हाय ना? टाक्याला डिंक लागतो." लाडवात मनुका होत्या आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. ते मी सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मनुकांवर मीच आळ घेतोय. शेवटी तो डबा मी वर नेला आणि घरात शांतता राहावी म्हणून सगळे लाडू स्वतः खाल्ले.

शिवाय दिवसातून तीनदा ताप मोजायचा आणि तीनदा मला कामावर फोन करून सांगायचा. एकदा साहेबांसमोर मीटिंगमध्ये होतो. बोट कुठे लागलं कोण जाणे, फोन स्पीकरवर गेला. "पेशंटला शी झाली. घट्ट हाय. काळजी करू नको." साहेबांनी मला त्या दिवशी लवकर घरी जायला सांगितलं. मी जेवढा लाजलो तेवढाच चिडलो होतो, पण घरी आलो तर काय, भुरी झबलं घालून हॉलमध्ये गोधडीवर पसरलेली आणि सिस्टर तिला पेपर वाचून दाखवतायत. ऑपरेशनच्या दिवशी उठून उभीही न राहणारी ती कुत्री मला बघून शेपटी आपटायला लागली. चिडायचं तरी कुणावर!

शेजारीपाजारी बघायला यायचे. सिस्टर कुणाला आत येऊ देत नसत. "पेशंटला आराम पायजे. दारातनं बघा आन् जा." मी एकदा म्हणालो, सिस्टर, तुम्ही तर फारच करता हिचं. त्यावर त्या एकदम चिडल्या. "करू नको तर काय? मी ऑपरेशनला नेलेल्या बायांना तिसऱ्या दिवशी रानात जावं लागायचं. हिला तरी झोपू दे." बोलता बोलता त्यांनी गोधडी सारखी केली आणि उठून आत गेल्या. 

सातव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर सिस्टर दारातच खुशीत. हातात स्टीलची वाटी. वाटीत काळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे.

"काढले. एक थेंब रक्त न्हाई. बघ कशी रेघ दिसतीय."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"सिस्टर, डॉक्टरांनी बारा दिवस लिहून दिलेत! बारा!"

"सातव्या दिवशी काढतात टाके."

"कागदावर लिहिलंय हो!"

"तुझ्या जन्माच्या आधीपासनं टाके काढतीय मी. त्या पोरीनं किती काढले असतील? सात म्हंजे सात."

मी त्या दिवशी खरोखर ओरडलो. नको ते बोललो. तुम्ही नर्स होतात, आता नाही, असंही बोलून गेलो. त्या ऐकून घेत उभ्या राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "हात धुऊन घे. बाहेरनं आलायस." मी पाय आपटत वर गेलो. मग डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी घेऊन या, तोवर अजिबात हलू देऊ नका. मी खाली जाऊन तसं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "काही न्हाई हुत."

सकाळी मी आंघोळ करत होतो आणि खालून हाक आली. नेहमीसारखी खणखणीत नव्हती. नुसतं, "ये रे." गल्लीत पाववाल्याची सायकल आली होती. भुरीला पाव फार आवडायचा. तिने गोधडीवरून दारापर्यंत एकच झेप घेतली होती.

मी खाली आलो तेव्हा सिस्टर फरशीवर बसल्या होत्या, भुरीचं डोकं एका मांडीवर आणि हात तिच्या पोटावर. हाताखाली घडी केलेला पांढरा टॉवेल, लाल होत चाललेला. "हिनं उडी मारली," त्या म्हणाल्या. "सांगितलेलं ऐकलं न्हाई हिनं." हात मात्र त्यांनी जरासुद्धा उचलला नाही. रिक्षावाला रक्त बघून का कू करायला लागला, तर त्याला म्हणाल्या, "चल म्हनते ना!" त्याने निमूट रिक्षा दामटली. भुरी एकदाच कण्हली. मला वाटलं, ही कुत्री आज माझ्या मूर्खपणामुळे मरणार, या बाईच्या हवाली केली त्या मूर्खपणामुळे.

डॉक्टरांनी टॉवेल बाजूला केला. वरची कातडी उकलली होती. आतला थर, नशीब, बराचसा धरून होता. इंजेक्शन देऊन त्यांनी भुरीला झोपवलं, आत जाऊन पुन्हा टाके घातले. अर्धा तास आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. सिस्टरांनी साडीवरचं रक्त पुसलं नव्हतं. 

डॉक्टर बाहेर आल्या. "जगेल," त्या म्हणाल्या. "आतला थर सुटला असता तर अवघड होतं. टाके कुणी काढले?"

आता गंमत बघा. रात्रभर मी ज्या बाईला मनातून शिव्या घातल्या, तिला वाचवायला माझंच तोंड उघडलं. "तिनेच चावून काढले असतील," मी म्हणालो. एवढं खोटं मी कारखान्यातही कधी बोललो नव्हतो.

"मी काढले," सिस्टर म्हणाल्या. "कात्रीनं. सातव्या दिवशी."

"सातव्या दिवशी का? कागदावर बारा होतं, काकू."

 सिस्टर भिंतीवरच्या कुत्र्या-मांजरांच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता 'तुझ्या जन्माच्या आधीपासनं' सुरू होणार.

"बाजार असायचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आमचं शिबिर बाजाराच्या दिवशी असायचं. बाया डोंगरावरनं बाजारालाच खाली यायच्या. नुसतं टाक्यांसाठी या म्हनलं तर कोन येतंय? म्हनून दुसऱ्या बाजारी काढून टाकायचे. सात दिवसांनी." मग हळूच, "बऱ्या झालेल्या असोत, नसोत."

डॉक्टरांनी नवा कागद लिहिला. सिस्टरांनी तो मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

परत येताना रिक्षात भुरी मध्ये झोपलेली. सिस्टर बाहेर बघत होत्या. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "एक बाई हुती. तिला ऑपरेशनला आनायला मी तीन फेऱ्या मारल्या. टाके काढले आन् नंतर ती पोट धरून आली. जखम उघडी, पू झालेला. मी म्हनलं, हंडा उचललास ना? ती म्हनली, व्हय. न उचलून कसं चालंल तिला? मी केसपेपरवर लिहिलं, पेशंटनं काळजी घेतली न्हाई." थोड्या वेळाने पुन्हा, "आज हिच्यावर पन तेच ढकललं मी."

मला त्यांची दया आली. रागही गेला नव्हता. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणसाने काय करायचं असतं, मला माहीत नाही. 

पुढचे दोन आठवडे त्यांनी कागदाबाहेर एक पाऊल टाकलं नाही. भुरीची गोधडी दारापासून लांब आतल्या खोलीत हलवली. पाववाल्याला गल्लीच्या तोंडाशीच थांबायला लावलं. डॉक्टरांना दिवसातून इतके फोन केले की एकदा त्यांनीच मला विचारलं, तुमच्या काकूंना जरा समजवाल का? मी म्हणालो, माझं कोण ऐकतं. चौदाव्या दिवशी दवाखान्यात टाके निघाले. रेघ कोरडी, साफ. सिस्टरांनी हात मागे बांधून बघितलं, एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी त्या पिशवी घेऊन निघाल्या. "अकोल्याला जाऊन येते. कुत्रीला जिन्यात पळू देऊ नको." संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला परत आल्या. मी पाणी दिलं. चप्पल काढायच्या आधी त्यांनी भुरीचं पोट बघितलं, मग खुर्चीत बसल्या.

"ती बाई भेटली?" मी विचारलं.

"भेटली. केस पांढरे झालेत. मला लांबनंच वळखलं. चहा केला."

"सांगितलंत तिला?"

"सांगितलं. चूक माझी हुती म्हनलं. हसायला लागली. म्हनली, येवढ्यासाठी यष्टीनं आलात? तुमचा हात लई हलका हुता, सिस्टर, म्हनली मला." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग पदर बाजूला करून दाखवलं. टाक्याच्या जागी हा येवढा फुगा आलाय. हर्निया. इतकी वर्षं फडकं बांधून भात लावतीय."

मी पेला पुन्हा भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"म्हनलं, चल नगरला. ऑपरेशन करू. माझ्याकडं ऱ्हा महिनाभर. तर न्हाई म्हनली. आता काय व्हायचंय म्हनली, सवय झाली."

"मग आता?"

"मग काय मग? पुढच्या रविवारी परत जाते. ऑपरेशनचा सरकारी कोटा भरायचा हुता तवा तीन फेऱ्या मारल्या मी तिच्यासाठी. आता तीनवर भागंल हुय?" आणि एकदम माझ्यावर खेकसल्या, "ही कुत्री किती वेळ उभी हाय, बसव तिला!"

मला चाकणला नोकरी लागली आणि मी भुरीला घेऊन नगर सोडलं, तोवर त्यांच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. बाई दर वेळी चहा करायची आणि नाही म्हणायची. निघताना सिस्टरांनी मला भुरीचा केसपेपर दिला, महिन्यातून एकदा जागा दाबून बघायची असं बजावलं, आणि टेम्पोत सामान नीट लावता येत नाही म्हणून चारचौघांत माझी अक्कल काढली.

त्यानंतर मी अधूनमधून फोन करतो. त्या भुरीची सगळी चौकशी करतात आणि मी काही सांगायला लागलो की माझीच चूक काढतात. त्या बाईचं मी विचारत नाही, त्याच सांगतात, "न्हाई म्हनली." गेल्या महिन्यात असाच फोन लावला. भुरीने कुणाची तरी चप्पल पळवली होती, ते मी मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

"हळू बोल," सिस्टर कुजबुजल्या. मी त्यांना कुजबुजताना कधी ऐकलं नव्हतं. "आली एकदाची. परवा झालं ऑपरेशन. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.